चिखलाचं आमंत्रण

आमच्या घरात कुणी कागद आणि पेन घेऊन बसलं, की स्वयंपाकघरातून अजूनही हाक येते, "कोण रुसलं?" पुतण्याची बायको नवीन आली तेव्हा बिचारी किराणा मालाची यादी करत होती. ही हाक ऐकून तिने यादी पदराखाली लपवली आणि पुढचे दोन दिवस ती सगळ्यांशी गरजेपेक्षा जास्त गोड बोलत राहिली. शेवटी तिला ही गोष्ट सांगावी लागली. गोष्ट माझ्या काकांची, पण त्यातली फजिती बरीचशी माझी, म्हणून सांगायचं काम घरात माझ्याकडेच असतं.

काकांचं पत्राविषयी ठाम मत होतं. पत्र लांबच्या माणसाला लिहायचं. मिलिटरीतल्या भाच्याला लिहावं, मुंबईच्या व्याह्यांना लिहावं. पण रोज जो डोळ्यांपुढे दिसतो, ज्याच्याशी राम राम होतो, त्याला पत्र धाडायचं म्हणजे त्याच्याशी बोलणं टाकायचं. आमच्या भोरकडे हे काकांनी एकट्यानं काढलेलं नव्हतं. शेजारच्या बांधावरच्या भावानं भावाला कागद पाठवला, की गाव समजायचं, आता ह्यांचं पाणी वेगळं झालं. कागद आणणाऱ्या पोस्टमनला कुणी चहासुद्धा विचारत नसे.

अशा माणसानं आयुष्यात एकदा परदेशी कराराचं काम घेतलं. त्या करारात पाण्याचा घोट घेतला तरी लेखी कळवा, असं होतं. आणि तो करार सांभाळायला काकांनी नेमलं मला. मॅट्रिकला इंग्रजीत मला छत्तीस मार्क होते. पस्तीसला पास. तो एक जास्तीचा मार्क काकांच्या डोक्यात बसला होता.

काका पिढीजात गवंडी आणि ठेकेदार. भोर तालुक्यात त्यांनी विहिरी बांधल्या, शाळेच्या खोल्या बांधल्या, मोऱ्या तर किती बांधल्या याची त्यांनाच मोजदाद नव्हती. त्या कामांचा करार एका पानाचा असायचा आणि तोही काम संपल्यावर सापडायचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावरचे ओढे बांधून काढायचे ठरले. त्याला मदत कुठल्याशा परदेशातून आली आणि मदतीबरोबर एक पुस्तकही आलं. जगात कुठंही बंदर बांधा, विमानतळ बांधा, नाहीतर वाळवंटात रस्ता करा, करार तोच. मधेमधे मोकळ्या जागा सोडलेल्या. त्यात टाइप करून आमचा ओढा बसवला होता.

पुण्याच्या कचेरीत काकांनी त्याच्या पानापानावर सही केली. दीडशेच्या आसपास पानं. शेवटच्या सह्या बघितल्या तर त्या काकांच्या आहेत की मुंगीच्या, हे सांगता येणार नाही. घरी आल्यावर काकूंनी पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, खणाच्या कापडात बांधलं आणि पंचांगाशेजारी ठेवून दिलं. पुलाचं काम सुरू झालं तेव्हा ओढ्याकाठी पत्र्याची शेड उभी राहिली. त्यात काका, काकू, मी आणि भिंतीतल्या फळीवर पुस्तक, असे चौघं राहायला गेलो.

आमचे मिस्त्री भोर गावातले, बौद्ध वस्तीतले. काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण काकांना तोंडावर बोलू शकणारा काकूंनंतरचा दुसरा माणूस. रोजचं वर्तमानपत्र शिळं का होईना, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. दुपारच्या सुट्टीत ते मला म्हणायचे, "चला इंग्रजीवाले, सोडा पोथी."

मी खण सोडायचो, शब्दकोश मांडीवर घ्यायचो आणि अर्थ लावायचो.

"कामावर दारू आणायची नाही. बंदुका आणायच्या नाहीत."

मिस्त्री गवंड्यांकडे बघून म्हणाले, "बंदुकीचं जमंल."

"माल जहाजातून आला तर बंदरावरचा खर्च ठेकेदाराचा."

"जहाज नसरापुरापातूर आणा म्हणावं. म्होरं बैलगाडी हाय."

"विमान वरनं गेलं आणि त्याच्या आवाजानं पूल पडला, तर जबाबदारी आपली नाही."

चुलीपाशी काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "आन् ह्यांच्या आवाजानं पडला तर?"

त्यावर पुस्तकात काही नव्हतं. मी शोधलं होतं.

सगळे हसत होते तेवढ्यात मी पुढचं कलम वाचलं. काम करताना अशी अडचण आली, की जिचा अंदाज जाणत्या ठेकेदारालाही आला नसता, तर अठ्ठावीस दिवसांच्या आत इंजिनियरला लेखी कळवायचं. नाही कळवलं, तर अडचण आलीच नाही असं धरलं जाईल. मुदत वाढवून मिळणार नाही. मुदतीत काम झालं नाही, तर ठेकेदाराला कामावरून काढून दुसरा आणतील.

"आलेली अडचण आलीच न्हाई?" काका म्हणाले. "तू जल्माला आलास तवा तुझ्या बापानं कुणाला लेखी कळवलं व्हतं? मग तू काय आलाच न्हाईस व्हय?"

"आज कामाच्या मानानं बघितलं तर न्हाईच," मिस्त्री म्हणाले.

मी पुस्तक खणात बांधून ठेवलं.

पुस्तकातला इंजिनियर म्हणजे एक परदेशी साहेब होते. उंच, तांबूस, आणि चालताना आपल्याच पायांकडे कौतुकानं बघणारे. ते कुठल्या देशाचे हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं, आणि दोन्ही वेळा मला कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. वेल्ह्याला तहसील कचेरीच्या मागे त्यांनी भाड्यानं घर घेतलं होतं, तेच त्यांचं ऑफिस. आठवड्यातून तीनदा जीप घेऊन आमच्या ओढ्यावर यायचे. पहिल्याच दिवशी काकूंनी त्यांना पिठलं-भाकरी वाढली. ते मांडी घालून बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांच्या उंचीवर आले. पण त्यांनी पिठलं दोनदा मागून घेतलं आणि ठेचा खाऊन रडत रडत म्हणाले, "लई झ्याक." हे त्यांना जीपच्या ड्रायव्हरनं शिकवलं होतं.

काका खूश. "माणूस चांगला हाय. पावणं म्हणायचं त्यांना, सायब न्हाई."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पाहुण्यांचं पत्र घेऊन आला. आपण वापरत असलेल्या वाळूत माती आढळली आहे, ती धुऊन वापरावी, असं आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

मी वाचून दाखवलं. काकांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाले, "काल हितं बसून जेवला. वाळू त्या टायमाला त्याच्या म्होरंच पडली व्हती. तोंडानं बोलला न्हाई?"

"काका, पुस्तकात तसंच आहे. सगळं लेखी."

"माझ्या घरचं पिठलं खाल्लं आन् मला कागद धाडला."

वाळू त्यांनी धुऊन घेतली, तीही दोनदा, पण चहा बंद केला. पाहुणे आले की काका पाठ करून दगड तासत बसायचे. दोन खेपांनंतर पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या काकांना बरं नाही का? मी छत्तीस मार्कांत जेवढं मावेल तेवढं सांगितलं. आमच्याकडे समोरच्या माणसाला पत्र पाठवलं की तो दुखावतो, वगैरे. ते डोक्याला हात लावून हसले. मग म्हणाले, "पत्र तुझ्या काकांसाठी नसतं रे. उद्या मी इथं नसेन. माझ्या खुर्चीत जो बसेल, त्यानं पिठलं खाल्लेलं नसेल. पत्र त्याच्यासाठी असतं."

मला हे एकदम पटलं. मी काकांना जसंच्या तसं सांगितलं.

काका म्हणाले, "मग त्यो आला की त्याला बी पिठलं घालू."

पुढं काकूंनीच परस्पर चहा सुरू केला, आणि काकाही हळूहळू वळले. पत्रं येत राहिली. मी ती न वाचून दाखवता मिस्त्रींना सांगायचो, मिस्त्री आपल्याच मनानं सुचल्यासारखं काकांना सांगायचे, आणि काका म्हणायचे, "माझ्या बी मनात तेच आलं व्हतं." असा आमचा करार बिनबोभाट चालला होता. पण मग चिखल लागला.

पुलाला दोन खांब होते. पहिल्याच्या पायात पाच फुटांवर कातळ मिळाला. नकाशातही तसंच होतं. दुसरा खांब तिथून वीस पावलांवर. पाच फूट झाले, कातळ नाही. सात झाले, काळा चिखल. मिस्त्रींनी लांब पहार आत दाबली, ती लोण्यात जावी तशी गेली. वर तर ओढा कोरडा पडलेला. उन्हाळा लागत होता, तरी खालून पाणी पाझरत होतं. बातमी कळताच पाहुणे जीप घेऊन आले. "बघू," म्हणून खड्ड्यात उतरले आणि गुडघ्यापर्यंत गेले. चौघांनी खांद्याला धरून ओढल्यावर ते वर आले, पण डावा बूट आतच राहिला. पाहुणे एका पायावर उभे राहून हसले, काका हसले, मिस्त्री चेहरा सरळ ठेवायच्या नादात मागं जाऊन हसले. काकांनी स्वतःचं पायताण काढून त्यांना दिलं. ते त्यांच्या पायाला निम्म्यात संपत होतं. एका पायात बूट, दुसऱ्या पायात अर्धं पायताण, असे ते जीपमध्ये चढले आणि चढता चढता मला म्हणाले, "अडचण खरी आहे. दोन महिने तरी जातील. मला पत्र लिहा. अठ्ठावीस दिवसांच्या आत."

काकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याचा बूट त्यात हाय. आजून काय लिवायचं?"

अठ्ठावीस दिवस आमच्या हिशेबात सोपे होते. चिखल लागला तो वेल्ह्याचा बाजाराचा दिवस. म्हणजे चार बाजार. चौथ्या बाजाराला संध्याकाळी पाहुण्यांचं ऑफिस बंद झालं, की आमचा चिखल कायद्यानं नाहीसा. पहिला बाजार गेला. काका ऐकेनात. "चांगलं चाललंय त्या माणसाशी. म्या हातानं बिघडवू व्हय?" पंप लावला, तोही दोन दिवसांत मोडला. तो कापूरहोळला दुरुस्तीला टाकला, तिथं तो मुक्कामालाच राहिला. खड्डा पाण्यानं भरला, बूट दिसेनासा झाला. दुसरा बाजार गेला.

तिसऱ्या बाजाराला ड्रायव्हरनं बातमी आणली. पाहुणे मायदेशी परत चालले. नवे साहेब येणार. ते जेवायला कुणाकडे जात नाहीत, फक्त फाइल बघतात. आधीच्या जागी त्यांनी मुदतीत न बसणारे दोन ठेकेदार काढले होते म्हणे.

काकांनी घेतलेलं काम तोवर कधी अर्ध्यावर सुटलं नव्हतं. भोरच्या पेठेतून जाताना लोक त्यांना थांबवून राम राम करायचे, तो त्या एवढ्याच गोष्टीसाठी. दुसरा कुणी येऊन आपल्या खांबावर दगड चढवणार, हे त्यांना कळलं होतं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. पण पत्र म्हटलं की मान हलवायचे. "जाणाऱ्या माणसाला तर मुळीच न्हाई. जाताना कागद हातात दिऊन घालवू त्याला?"

मिस्त्री एकदाच गंभीर झाले. म्हणाले, "मालक, आमच्या आज्यानं तोंडी शब्दावर लई दिस काढले. कुणी दिला शब्द, कुणी फिरवला, कुटंच दावता आलं न्हाई. लिवलेलं बरं असतंय."

काकांनी ऐकून घेतलं. पण उठून कागद आणा, असं म्हणाले नाहीत.

इकडं मी चोरून मसुदा करत होतो. मला इंग्रजीत एकच पत्र येत होतं, शाळेतला रजेचा अर्ज. त्यावरून मी बेतलं. आदरणीय महोदय, सविनय विनंती की आमचा पूल गेल्या तीन आठवड्यांपासून चिखलानं आजारी आहे. तरी त्याला दोन महिन्यांची रजा मंजूर व्हावी. मला ते उत्तम जमल्यासारखं वाटलं. फक्त सही काकांचीच लागणार होती.

चौथा बाजार उजाडला. सकाळी मी कागद पुढं करून बसलो होतो, काका दगडाकडे तोंड करून बसले होते, आणि मिस्त्री दोघांच्या मधे तंबाखू मळत उभे होते. काकू पाणी घेऊन आल्या आणि हंडा खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "अवं, मागल्या साली पोरीचं लगीन केलं, तवा शेजारच्या खोलीतल्या भावजींना पत्रिका दिली का न्हाई?"

"दिली की."

"रोज तोंड बघता त्येंचं. मग ती कशी दिली लिवून?"

"अगं, ती पत्रिका. अक्षत लावून, हातात द्यायची. न्हाई दिली तर उलट माणूस रुसंल."

"मग ह्येंना बी तशीच द्या. या म्हणावं आमचा चिखल बगायला."

तंबाखूची चिमूट मिस्त्रींच्या बोटांतच राहिली. काकांनी हळूहळू मान वळवली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर ठेकेदाराची कळा आली. "पोरा, घे लिवून," ते म्हणाले.

मी लिहिलं, काकांनी सांगितलं, मिस्त्रींनी दुरुस्त केलं. आमच्या येथे ईश्वरकृपेने ओढ्यावरील पुलाच्या दुसऱ्या खांबाच्या पायात कातळाऐवजी चिखल निघाला असून, पहार अकरा फूट घातली तरी त्याचा तळ लागलेला नाही. त्यामुळे पूल पूर्ण होण्यास दोन महिने उशीर होईल. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन चिखलाची शोभा वाढवावी.

"बुटाचं लिवा," मिस्त्री म्हणाले. "डाव्या पायाचा, त्ये बी लिवा. पुरावा हाय त्यो."

बुटाचं लिहिलं. काकू म्हणाल्या, "आहेर आणू नये, असं घाल." पुस्तकात लाचेबद्दल कलम होतं, म्हणून मीही ते राहू दिलं. मग सगळ्याचं इंग्रजी केलं. घाईत शेवट हाताच्या सवयीनं झाला, आपला आज्ञाधारक विद्यार्थी. त्याखाली पंचावन्न वर्षांच्या काकांनी ठसठशीत सही केली. कार्बन घालून तीन प्रती काढल्या. तीन प्रती हव्यात हे पुस्तकातलं मला पाठ झालेलं एकमेव कलम. काकूंनी तिन्हींच्या कोपऱ्यांना कुंकू लावलं, ताटात प्रती, अक्षता आणि सुपारी ठेवली.

"तू एकटा जाऊन न्हाई द्यायची," काका म्हणाले. "आमंत्रण जोडीनं द्यायचं असतंय." त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, काकूंनी लग्नातलं लुगडं काढलं.

बाजाराचा दिवस, त्यामुळे वेल्ह्याची एसटी दाराला माणसं लोंबकळत समोरून निघून गेली. दुसरीही गेली. ऊन कलायला लागलं तेव्हा एक टेम्पो थांबला. वरच्या वाडीतले धनगर आपली शेरडं वेल्ह्यात सोयऱ्यांकडे मुक्कामाला नेत होते. आम्ही त्यात चढलो. पुढं बसायला जागा नव्हती. मागं पंधरा शेरडं, मधे लग्नातलं लुगडं नेसलेल्या काकू, त्यांच्या हातात अक्षतांचं ताट. आता शेरडाच्या तोंडापुढं तांदूळ नेल्यावर काय होणार? पहिल्या वळणाला चार दाणे सोडून अक्षता संपल्या, दुसऱ्या वळणाला तिसरी प्रत. वरच्या प्रतीचा कोपरा मी तोंडातून ओढून काढला, तेव्हा तारीख गेली होती.

"तारीख खाल्ली," मी ओरडलो.

धनगर शांतपणे म्हणाला, "तिला बादत न्हाई काय."

पाहुण्यांचं सामान बांधून दारात आलं होतं. काकांना धोतरात आणि काकूंना ताटासकट बघून ते आधी घाबरले. काकूंनी त्यांना कुंकू लावलं, उरलेले चार तांदूळ डोक्यावर टाकले, सुपारी हातात दिली. काका दोन्ही हातांनी पत्र पुढं करून म्हणाले, "पावणं, चिखलाला यायचं बरं का. घरच्यांना घिऊन यायचं."

मी भाषांतर केलं नाही. काही गोष्टी छत्तीस मार्कांच्या पलीकडच्या असतात.

पाहुण्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं. बुटापाशी त्यांचे ओठ हलले. शेवटच्या ओळीला आले, काकांकडे बघितलं, परत ओळ वाचली. मग आत गेले, कारकुनाला ऑफिस बंद करायचं थांबवलं, आवक रजिस्टर उघडायला लावलं आणि पत्रावर स्वतःच्या हातानं तारखेचा शिक्का मारला. शिक्का नेमका कुंकवावर बसला.

"अगं बया," काकू म्हणाल्या, "कुकवावर?"

मला मात्र तो शिक्का सौभाग्यासारखाच वाटला. शेरडानं खाल्लेली तारीख परत आली होती. निघताना पाहुण्यांनी काकांचा हात बराच वेळ धरला. दुसऱ्या दिवशी ते गेले.

नवे साहेब आले. जेवायला आले नाहीत, चहाही घेतला नाही. पुलाच्या नकाशाकडे बघितलं, एकाच खांबाकडे बघितलं आणि निघून गेले. पुढचं मला कारकुनानं नंतर सांगितलं. आम्हाला कामावरून काढल्याचं पत्र टाइप होऊन तयार होतं. त्यावर क्रमांक घालायला साहेबांनी आमची फाइल उघडली, तर वरतीच शिक्का आणि कुंकू असलेला, कोपरा कुरतडलेला कागद. त्यांनी तो वाचला. आमंत्रण कळवलेलं आहे, तर त्याला हजर राहणं भाग आहे, असं म्हणाले. तयार पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तोवर कापूरहोळहून पंप आला होता. साहेबांनी कळवलेल्या दिवशी जीप आली. आधी साहेब उतरले, मग टोपी आणि छत्री घेतलेल्या मडम. सहकुटुंब म्हटलं होतं, म्हणून त्यांनी कुटुंब आणलं. साहेबांनी खड्ड्याच्या काठाला घडीची खुर्ची मांडली, मांडीवर आमचं पत्र ठेवलं आणि म्हणाले, "माझ्यासमोर खणा."

मिस्त्रींनी माणसं उतरवली. घमेल्यामागून घमेलं चिखल वर येत होता. साहेब पट्टीनं खोली मोजत होते आणि वहीत मांडत होते. पाच फुटांवर कातळ असा नकाशा त्यांच्या हातात होता, आणि समोर आठ फूट, नऊ फूट, नुसता गाळ. तरी चेहरा हलत नव्हता. चिखल खरा होता, पण तो तेव्हाही होता का, पंप मोडल्यानं पाणी साचून झाला नसेल कशावरून, असं त्यांनी मला विचारलं. मी काकांना विचारलं.

काका खड्ड्याकडे बघत म्हणाले, "त्यांला सांग, जरा दम धर."

दुपार झाली. काकूंनी मडमला सावलीत बसवून पिठलं वाढलं. मडमनं नाही म्हणायचं कसं हे बहुधा कुणाला विचारलं नव्हतं. अकराव्या फुटाला एका गड्यानं घमेलं उपडं केलं आणि चिखलाचा एक गोळा घरंगळत साहेबांच्या खुर्चीपाशी येऊन थांबला. मिस्त्रींनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

बूट.

मिस्त्रींनी तो दोन्ही हातांत धरून साहेबांपुढं ठेवला आणि मला म्हणाले, "विचारा, कुठल्या पायाचा."

साहेबांनी पत्र बघितलं. बूट बघितला. मग पुढं होऊन त्याच्या शेजारी आपला डावा पाय ठेवला. सावलीतून मडम पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. साहेब हसले नाहीत. पण त्यांनी वही मिटली आणि उठून काकांना म्हणाले, "मी तुम्हाला पत्र पाठवीन."

मी भाषांतर केलं. मला वाटलं, झालं, आता परत पाठ फिरणार. पण काका म्हणाले, "पाठवा की. पाठवाच."

दोन महिन्यांची वाढीव मुदत दुसऱ्याच दिवशी आली, आपल्या आमंत्रणास अनुसरून, असं सुरुवातीला लिहून. चौदाव्या फुटाला कातळ लागला. खांब उभा राहिला, आणि पावसाळा अगदी तोंडावर असताना पहिली एसटी आमच्या पुलावरून वेल्ह्याला गेली. काका कठड्याला हात लावून उभे होते. एसटी गेल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

त्या दिवशी काकूंनी पुरणपोळी केली होती. काकांनी नव्या साहेबांना आदल्या दिवशी तोंडानं सांगितलं होतं, उद्या जेवायला यायचं. साहेब आले नाहीत. मला वाटलं, काकांना राग येईल.

"बरोबर हाय त्येंचं," काका पोळी मोडत म्हणाले. "आपण लेखी कुटं कळवलं?"

बूट मात्र राहिला होता. पाहुण्याचं पायताण ठेवून घेतलं तर पाप लागतं, असं काकूंचं म्हणणं. तो धुऊन, तेल लावून, खणात बांधून, साहेबांच्या ऑफिसमधून पत्ता मिळवून मी परदेशी पार्सल केला. भोरच्या पोस्टमास्तरांनी फॉर्मवर काय लिहू म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, "लिवा, डावा बूट, वापरलेला."

पुढच्या उन्हाळ्यात पत्र आलं. बाहेरच्या देशाचं तिकीट, पातळ निळा कागद. काकांनी पोस्टमनला बसवून चहा दिला. पत्र दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "आता कसं, हे पत्र. लांबून आल्यालं." मग माझ्याकडे दिलं.

पाहुण्यांनी सगळ्यांची खुशाली विचारली होती. पुलाची, मिस्त्रींची, पिठल्याची. खाली लिहिलं होतं, डावा बूट सुखरूप पोहोचला, आभारी आहे. उजवा वर्षभर वाट बघून गेल्याच महिन्यात टाकून दिला.

काकांनी कपाळावर हात मारला.

"कागद घे," ते मला म्हणाले. "लिव त्येंना. उजवा टाकायचा व्हता, तर चार बाजारांच्या आत कळवायला पायजे व्हतं."